इंग्रजीत न कळलेलं नेमकं कसं विचारावं

इंग्रजी शिकणारा माणूस बोलताना जेवढा अडतो, त्याहून जास्त ऐकताना अडतो. आपलं वाक्य आपल्याला निवडता येतं. अवघड शब्द टाळता येतो, लांब वाक्याचे दोन तुकडे करता येतात. समोरचा काय बोलेल आणि किती भरभर बोलेल, हे मात्र आपल्या हातात नसतं. अशा वेळी बहुतेक जण अर्धंमुर्धं कळलं तरी ‘येस, येस’ म्हणत मान डोलावतात. बोलणं पुढे सरकतं, त्या न कळलेल्या गोष्टीवर दुसऱ्या चार गोष्टी रचल्या जातात, आणि मग विचारायचीही सोय राहत नाही.

हा भित्रेपणा नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीच्या मुलांचं इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. दोन्ही पिढ्यांनी धडे वाचले, प्रश्नोत्तरं लिहिली, काळ घोकले. पण ‘मला हे कळलं नाही, परत सांगता का’ हे इंग्रजीतून म्हणायची वेळ वर्गात कधी आली नाही, कारण बाईंना ते मराठीत विचारता येत होतं. ही वेळ पहिल्यांदा येते ती नोकरीच्या मुलाखतीत, परदेशी क्लायंटच्या कॉलवर किंवा परक्या देशातल्या दवाखान्यात.

पुन्हा विचारणं म्हणजे इंग्रजी कच्चं असल्याची कबुली, ही समजूत आधी मनातून काढून टाकायला हवी. २०१५ साली भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या १२ भाषांमधल्या रोजच्या गप्पा त्यांनी तपासल्या होत्या. आपापल्या भाषेत बोलणारी माणसंसुद्धा सरासरी १.४ मिनिटांनी एकदा ‘काय?’, ‘कोण?’, ‘म्हणजे उद्या ना?’ असं काही ना काही विचारतात, असं त्यांना आढळलं. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: माणसं होईल तेवढा नेमका प्रश्न विचारतात. नाव कळलं नसेल तर ‘काय?’ न म्हणता ‘कोण?’ म्हणतात. मराठीत हे आपण न शिकता करतो. इंग्रजीत गेलो की ते विसरतो आणि सगळ्यावर एकच ‘सॉरी?’ फेकतो. या लेखात पुढे जे काही आहे ते एवढ्यासाठीच आहे: जेवढं कळलं तेवढं सांगायचं आणि जे राहिलं तेवढंच विचारायचं.

पहिली पायरी: ‘येस’ म्हणण्याआधी थांबा

विचारायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे ते वाक्य संपल्याबरोबर. दोन-तीन वाक्यं पुढे गेली की समोरच्याला मागे यावं लागतं, आणि आपल्यालाही नेमकं कुठं हुकलं ते सांगता येत नाही. समोरचा थांबतच नसेल तर हात थोडासा वर करून किंवा किंचित पुढे झुकून “सॉरी, जस्ट अ सेकंद” एवढं म्हणा. तो थांबेल. मग प्रश्न विचारा. पूर्ण प्रश्न मनात तयार होईपर्यंत वाट पाहत बसलात तर वेळ निघून जाते. आधी थांबवा, प्रश्न दोन क्षणांनी आला तरी चालतो.

सगळंच विचारावं असं नाही. चहाच्या वेळी कुणी सुट्टीतली गंमत सांगत असेल आणि एखादा शब्द सुटला, तर सुटू द्या. पुढच्या बोलण्यातून तो बहुधा कळतो. पण काम, तारीख, वेळ, पैसे, औषध, पत्ता आणि नाव यांपैकी काही हुकलं असेल तर ते तिथल्या तिथे विचारलंच पाहिजे.

आपल्याला इथं एक जुनी सवय आडवी येते. मोठ्या माणसाला, साहेबांना, सरांना पुन्हा विचारणं बरं दिसत नाही, हे घरापासून मनावर ठसलेलं असतं. गप्प राहून ऐकणं हा आपल्याकडे आदर आहे. पण कामाच्या इंग्रजी बोलण्यात गप्प राहिलं की ‘याला कळलं’ असंच धरलं जातं. परदेशी मॅनेजर तुमच्या शांततेचा दुसरा अर्थ लावू शकत नाही. त्याला तो माहीतच नाही. त्यामुळे साहेबांना विचारा आणि आदर आवाजात ठेवा.

दुसरी पायरी: नेमकं काय हुकलं ते ओळखा

‘कळलं नाही’ म्हणताना चार वेगवेगळ्या अडचणी असू शकतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

कधी आवाजच पोचलेला नसतो: गोंगाट, खराब लाइन, समोरच्याचं तोंड दुसरीकडे. मग “सॉरी, आय डिड्न्ट कॅच दॅट” किंवा “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” पुरतं. फोनवर आवाज तुटत असेल तर “यू आर ब्रेकिंग अप” म्हणा, म्हणजे दोष लाइनचा आहे हे त्याला कळतं आणि तो जागा बदलतो.

कधी आवाज नीट येतो, पण शब्द एकमेकांत मिसळलेले असतात. इथं तेच वाक्य त्याच वेगानं परत ऐकून उपयोग नाही. वेग मागा: “कुड यू से दॅट अ लिट्ल मोअर स्लोली, प्लीज?” नुसतं “स्लोली, प्लीज” म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं, “अ लिट्ल मोअर” या शब्दांनी ते मऊ होतं. एक सांगून ठेवतो, हळू बोलायला तयार झालेला माणूसही दोन-तीन वाक्यांनंतर आपल्या मूळ वेगावर जातो. तो मुद्दाम करत नाही. पुन्हा सांगायला लाजू नका.

कधी एकच शब्द नवा असतो. तेव्हा सगळं वाक्य परत मागू नका. तो शब्द ऐकू आला तसा उचला आणि विचारा: “सॉरी, व्हॉट डझ ‘एस्क्रो’ मीन?” तुमचा उच्चार चुकला तरी त्याला शब्द ओळखू येतो.

चौथी अडचण सर्वांत फसवी. प्रत्येक शब्द कळतो, पण समोरच्याला आपल्याकडून काय हवंय ते कळत नाही. ब्रिटिश मॅनेजर “यू माइट वॉन्ट टू लुक ॲट दॅट अगेन” म्हणाला, तर शब्द सोपे आहेत. पण तो सहज सुचवतोय की ‘हे दुरुस्त करून आण’ म्हणतोय? बहुतेक वेळा दुसरंच असतं. अशा वेळी आपला अंदाज त्याच्यासमोर ठेवा: “सो यू वॉन्ट मी टू चेंज इट, इज दॅट राइट?” किंवा दोन पर्याय द्या: “डू यू मीन टुडे, ऑर आफ्टर द रिव्ह्यू?” पर्याय दिले की उत्तर छोटं येतं, आणि छोटं उत्तर कळायला सोपं असतं.

तिसरी पायरी: कळलेलं बोलून दाखवा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. इथं थोडं रेंगाळू.

समजा, मॅनेजर म्हणाली, “प्लीज सेंड द रिव्हाइज्ड एस्टिमेट टू फिओना बाय थर्सडे नून.” तुम्हाला नाव सोडून सगळं कळलं. “सॉरी?” म्हटलंत तर ती सगळं वाक्य परत म्हणेल, आणि त्यात ते नाव पुन्हा तितक्याच वेगानं निघून जाईल. त्याऐवजी म्हणा, “सॉरी, सेंड इट टू हू?” आता ती फक्त नाव सांगेल, तेही सुटं आणि ठसठशीत. वेळ कळली नसेल तर “बाय थर्सडे, व्हॉट टाइम?” काय पाठवायचं तेच हुकलं असेल तर “सॉरी, व्हॉट शुड आय सेंड टू फिओना?” तिन्ही प्रश्नांत एक गोष्ट सारखी आहे. उरलेलं तुम्हाला कळलंय, हे तिला दिसतं. पूर्ण वाक्य तीनदा ऐकूनही नुसतं ‘सॉरी?’ म्हणणारा नवखा वाटतो. नेमका तुकडा विचारणारा लक्ष देऊन ऐकणारा वाटतो. इंग्रजी दोघांचंही सारखंच असेल.

याहून सोपी एक रीत आहे, आणि अगदी सुरुवातीला असलेल्यांनी हीच आधी शिकावी. त्यात व्याकरण लागतच नाही. जिथपर्यंत कळलं तिथपर्यंतचं वाक्य म्हणायचं, शेवटचा शब्द किंचित लांबवून आवाज वर ठेवायचा आणि थांबायचं. “द मीटिंग इज ऑन…?” समोरचा आपसूक पूर्ण करतो: “ट्यूझडे.” “अँड आय शुड ब्रिंग…?” “युअर पासपोर्ट.” प्रश्न कसा रचायचा, ‘डू’ लावायचं की ‘डझ’, याची काळजी नाही. मराठीतही आपण ‘म्हणजे बस सुटते… ?’ असं अर्धं वाक्य सोडतोच.

आवाजाच्या चढउताराकडे इथं लक्ष द्यावं लागतं. “सॉरी” शेवटी वर चढवलं तर तो प्रश्न होतो, खाली उतरवलं तर ती माफी होते. खाली उतरवलेलं “सॉरी” ऐकून समोरचा “नो प्रॉब्लेम” म्हणतो आणि पुढे जातो; आपण मात्र उत्तराची वाट पाहत राहतो. घरी दोन्ही तऱ्हा मोठ्यानं म्हणून पाहा, फरक लगेच कळेल.

काही सवयी मोडायलाच हव्यात. नुसतं “व्हॉट?” घरच्यांत, मित्रांत चालतं, ग्राहकाशी किंवा साहेबांशी बोलताना ते तोडून टाकल्यासारखं लागतं. “रिपीट” हा एकटा शब्द आज्ञा वाटतो. “एक्सक्यूज मी?” ऐकलं नाही म्हणून अमेरिकेत सर्रास विचारतात, पण शब्दावर जोर देऊन म्हटलं तर ‘काय म्हणालास?’ असा रागाचा सूर लागतो. “कम अगेन?” आपल्याकडे फार चालतं; भारताबाहेर ते सैल, जवळिकीचं बोलणं आहे, आणि कधी कधी ‘हे मला पटत नाही’ असंही ऐकू येतं. “आय हॅव अ डाउट” तर आपल्या कॉलेजांतलं रोजचं वाक्य. ब्रिटन-अमेरिकेतल्या माणसाला त्यात शंकेपेक्षा अविश्वास जास्त ऐकू येतो, म्हणून तिथं “आय हॅव अ क्वेश्चन” म्हणा. आणि “आय डोन्ट अंडरस्टँड” हे खरं असलं तरी त्यातून समोरच्याला काहीच धागा मिळत नाही. तुम्हाला आवाज आला नाही, शब्द कळला नाही की सगळा विषयच नवा आहे, हे त्याला कसं कळणार? निदान “आय डोन्ट अंडरस्टँड द लास्ट पार्ट” एवढं तरी म्हणा.

चौथी पायरी: दुसऱ्यांदाही कळलं नाही तर रस्ता बदला

पहिल्यांदा ‘पुन्हा सांगा’ म्हटलंत, त्यानं सांगितलं, तरी कळलं नाही. बहुतेकांची मान इथं डोलते, कारण तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. तिसऱ्यांदा तेच विचारू नका. वेगळं काही मागा.

“कुड यू पुट इट अनदर वे?” म्हणजे वेगळ्या शब्दांत सांगाल का. याचा फायदा मोठा आहे, कारण समोरचा सोपे शब्द शोधायला लागतो. नाव किंवा अनोळखी शब्द असेल तर “कुड यू स्पेल दॅट फॉर मी?” ऑनलाइन मीटिंग असेल तर “कुड यू टाइप दॅट इन द चॅट, प्लीज?” समोर कागद असेल तर पेन पुढे करा: “कुड यू राइट इट डाउन?” विषयच अवघड असेल तर “कुड यू गिव्ह मी ॲन एक्झाम्पल?” उदाहरण मागणं हे लक्ष देऊन ऐकण्याचं लक्षण मानलं जातं, त्यात कुणालाही अडाणीपणा दिसत नाही.

आकडे, वेळा आणि नावं

फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी यांनी जगभरच्या शिकणाऱ्यांना छळलंय. फिफ्टीनमध्ये जोर बहुधा शेवटी असतो, फिफ्टीमध्ये सुरुवातीला. पण भरभर बोलताना तो फरक पुसट होतो. म्हणून कानावर विसंबू नका. “वन फाइव्ह, ऑर फाइव्ह झिरो?” असं सरळ विचारा. पैशाच्या व्यवहारात हे दर वेळी करावं, आकडा कळलाय असं वाटलं तरीही.

कॅन आणि कान्ट ही जोडी अशीच घातक आहे. अमेरिकन बोलण्यात ‘कॅन’ अगदी आखूड होतं, जवळजवळ ‘क्न’; आणि ‘कॅन्ट’मधला शेवटचा ट गिळला जातो. आपण स्पष्ट ‘कॅन’ ऐकलं असं समजतो तेव्हा तो नेमका नकार असतो. “सॉरी, यू कॅन, ऑर यू कॅनॉट?” असा पूर्ण ‘कॅनॉट’ वापरून प्रश्न विचारला की घोळ मिटतो.

वेळेचं थोडं जास्त सांगावं लागेल. ब्रिटिश माणूस ‘हाफ सेव्हन’ म्हणतो तेव्हा त्याला साडेसात म्हणायचं असतं, साडेसहा नव्हे. अमेरिकेतल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘क्वार्टर ऑफ फाइव्ह’ येतं, ते पावणेपाच. ५/६ अशी तारीख अमेरिकेत ६ मे असते, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ५ जून. ‘नेक्स्ट फ्रायडे’ येणारा शुक्रवार की त्यापुढचा, यावर इंग्रजांचंही आपसात एकमत नसतं. ‘बायवीकली’ आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हे बोलणाऱ्यालाच विचारावं लागतं. इथं न कळण्यात तुमच्या इंग्रजीचा काहीही दोष नाही. “नेक्स्ट फ्रायडे, दॅट्स द फोर्टीन्थ?” असं तारखेसकट विचारा. कॉल दुसऱ्या देशातून असेल तर “युअर टाइम ऑर इंडिया टाइम?” हाही प्रश्न जोडा.

रकमेत मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे हाताशी ठेवा. आणि उलट बाजूनं, तुम्ही लाख-कोटी बोललात आणि समोरून “सॉरी, हाउ मच?” आलं, तर तोच शब्द मोठ्यानं म्हणू नका. मिलियनमध्ये सांगा.

नावांसाठी विमानचालकांची अक्षरं पाठ करा: ब्राव्हो, डेल्टा, माइक, नोव्हेंबर, पापा, टँगो, व्हिक्टर. बी आणि व्ही, एम आणि एन, डी आणि टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून “एम ॲज इन माइक, ऑर एन ॲज इन नोव्हेंबर?” असं विचारायचं. आपली नावं सांगतानाही हेच. ज्ञानेश्वर किंवा यज्ञेश नावाच्या माणसानं स्पेलिंग एका दमात सांगू नये. तीन-तीन अक्षरांचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यानंतर थांबावं आणि समोरून “ओके” आल्यावर पुढे जावं.

पाचवी पायरी: शेवटी आपण म्हणून दाखवा

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या टेनेरिफच्या विमानतळावर, दाट धुक्यात, केएलएम आणि पॅन ॲम या विमान कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण त्यांत बोलण्यातला घोळ मोठा होता. केएलएमच्या विमानातून आलेलं एक संदिग्ध वाक्य, त्यावर नियंत्रण कक्षाचं ‘ओके’, आणि त्यापुढचे शब्द रेडिओवर नियंत्रण कक्ष आणि पॅन ॲमचं विमान एकाच वेळी बोलल्यानं नीट पोचलेच नाहीत. दुसरं विमान धावपट्टीवरून बाहेर पडलंय का, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरनं कॉकपिटमध्ये काढली होती. कॅप्टननं ठासून ‘हो’ म्हटलं आणि ती शंका तिथंच विरली. या अपघातानंतर विमानवाहतुकीतले ठरलेले शब्द आणखी काटेकोर झाले. ‘टेकऑफ’ हा शब्द आता खरोखर उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, आणि महत्त्वाची सूचना वैमानिकानं परत म्हणून दाखवावी लागते. आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजीची जी चौथी पातळी गाठावी लागते, तिच्या निकषांत गैरसमज झाल्यासारखं वाटताच विचारून, पडताळून, खुलासा करून घेता येणं हेही आहे. म्हणजे जिथं इंग्रजीवर जीव अवलंबून असतात, तिथं पुन्हा विचारणं ही उणीव धरलेली नाही, ते कौशल्य म्हणून तपासलं जातं.

आपल्या रोजच्या कामात याचं रूप साधं आहे. बोलणं संपताना म्हणा, “लेट मी जस्ट चेक आय हॅव गॉट धिस राइट.” मग छोट्या वाक्यांत सगळं सांगा: “आय सेंड द एस्टिमेट टू फिओना, बाय थर्सडे, ट्वेल्व्ह ओक्लॉक. यू विल कॉल द क्लायंट.” चूक असेल तर समोरचा लगेच दुरुस्त करतो. हे कधीही कमीपणाचं दिसत नाही. उलट अनुभवी माणसंच हे जास्त करतात. “इज दॅट करेक्ट?” म्हणून थांबा आणि उत्तर येऊ द्या. शेवटी “गॉट इट, थँक्स” पुरे. “ओके ओके ओके” असं घाईनं म्हटलं की कळलं नसल्याचा वास येतो.

ठिकाणं बदलली की

फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून अडचण शब्दांतच सांगावी लागते. सुरुवातीलाच “आय ॲम टेकिंग नोट्स, सो आय मे आस्क यू टू रिपीट अ फ्यू थिंग्ज” असं सांगून टाका. मग पुढचा प्रत्येक प्रश्न नोंदी घेण्यासाठी आहे असं वाटतं, आणि ते खरंही असतं.

मुलाखतीत न कळलेल्या प्रश्नाचं भलतंच उत्तर देणं, हे प्रश्न पुन्हा विचारण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. “आर यू आस्किंग अबाउट माय लास्ट प्रोजेक्ट?” असं स्वतःच्या अंदाजानं विचारा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगच्या चाचणीत, जी ११ ते १४ मिनिटांची असते, पहिल्या भागात परीक्षक प्रश्न पुन्हा वाचतात पण समजावत नाहीत. तिसऱ्या भागात मात्र ते वेगळ्या शब्दांत विचारू शकतात. म्हणून पहिल्या भागात “कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?” आणि तिसऱ्यात “कुड यू रिफ्रेज दॅट?” हे लक्षात ठेवा.

दवाखान्याबद्दल मला आग्रहानं सांगायचंय. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी गेलेले आईवडील तिथल्या डॉक्टरसमोर सगळ्याला ‘येस’ म्हणतात. कुणाला त्रास नको म्हणून. औषधाच्या बाबतीत हे करू नका. “हाउ मेनी टाइम्स अ डे? बिफोर फूड ऑर आफ्टर फूड? फॉर हाउ मेनी डेज?” हे तीन प्रश्न घरून निघतानाच कागदावर लिहून न्या आणि उत्तरंही लिहून मागा. आणि अवघड वाटत असेल तर सरळ म्हणा, “आय नीड अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज.” अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषा मोफत द्यायचा असतो, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्येही तो मागता येतो. पुष्कळदा तो फोनवरून बोलतो. हा हक्क आहे, उपकार नाही.

समोरच्यानं असं केलं तर

काही जण ‘पुन्हा सांगा’ म्हटलं की तेच वाक्य ओरडून सांगतात. रागावू नका. “आय कॅन हिअर यू फाइन, इट वॉज जस्ट द लास्ट वर्ड” म्हणा. काही जण “नेव्हर माइंड” म्हणून विषय सोडून देतात. हे टोचतं, विशेषतः चारचौघांत. तिथं सोडू नका: “नो, प्लीज, आय वुड लाइक टू नो.” शांतपणे म्हटलं की माणूस पुन्हा सांगतो. आणि भारतातल्या ऑफिसात कुणी चटकन हिंदीवर गेलं, तर हवं असल्यास म्हणा, “कॅन वी ट्राय इन इंग्लिश? आय ॲम प्रॅक्टिसिंग.” बहुतेक जण आनंदानं थांबतात.

कधी “सॉरी?” आपल्यालाच येतं. लगेच आपलं व्याकरण चुकलं असं समजून वाक्य बदलू नका. आधी तेच वाक्य थोडं हळू, मुख्य शब्दावर जोर देऊन म्हणा. तरीही कळलं नाही तर तो एक शब्द बदला. व आणि व्ह यांच्यातला इंग्रजी फरक आपल्या जिभेला नवा आहे, त्यामुळे ‘वेस्ट’सारखा शब्द अडला तर सरळ दिशा दाखवा, किंवा “वेस्ट, नॉट ईस्ट” म्हणा.

सराव

ही वाक्यं वाचून येत नाहीत. तोंडात बसावी लागतात. एका मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या. एकानं इंग्रजी पेपरातलं एक वाक्य वाचायचं आणि एक शब्द मुद्दाम गिळायचा. दुसऱ्यानं ‘सॉरी?’ न म्हणता फक्त तेवढाच तुकडा विचारायचा. कोण, कुठे, केव्हा, किती, यांचे प्रश्न असे लवकर बसतात. मग जुन्या रेल्वे तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर एकमेकांना इंग्रजीत सांगा, ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. एकटे असाल तर इंग्रजी बातम्या लावा, दर वाक्यानंतर थांबवा आणि जे कळलं ते “सो ही सेड…” असं सुरू करून मोठ्यानं म्हणा. जिथं अडाल, तिथं विचारायचा प्रश्नही मोठ्यानं म्हणा.

सगळी वाक्यं एकदम वापरायला जाऊ नका. या लेखातली चार निवडा: एक थांबवायचं, एक तुकडा विचारायचं, एक रस्ता बदलायचं, एक शेवटी पडताळायचं. लहान कागदावर देवनागरीत लिहून फोनजवळ किंवा लॅपटॉपच्या कडेला चिकटवा. ती न पाहता यायला लागली की कागद काढा आणि पुढची चार लिहा.